एकमार्गी व्यूह व ध्यानार्थ चालणें : कांहीं प्रमाणांचा विचार

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अमेरिकेंत व युरोपांत एका विशिष्ट आकृतीवरून सावकाश चालण्याची पद्धत बरीच रूढ झाली आहे. चर्चच्या अंगणांत, रुग्णालयांच्या आवारांत, सार्वजनिक उद्यानांत दगड, विटा किंवा रंगविलेलें जाड कापड यांचा वर्तुळाकार व्यूह मांडतात. मनुष्य बाहेरच्या तोंडाशीं प्रवेश करतो, वळणें घेत घेत मध्याशीं पोहोंचतो, क्षणभर थांबतो आणि त्याच वाटेनें परत येतो. यानें चित्त स्थिर होतें, शोक हलका होतो, प्रकृतीस बरें वाटतें, असें ही पद्धत आचरणारे लोक सांगतात. ती आतां आपल्याकडेही येऊं लागली आहे, व तिच्याबरोबर दोन ऐतिहासिक विधानेंही आलीं आहेत. मध्ययुगीन ख्रिस्ती यात्रेकरू अशाच व्यूहांवरून गुडघे टेकीत, ध्यान करीत जात, हें पहिलें. आपला चक्रव्यूह हा मुळांत ऋषींनीं आंखलेला ध्यानमार्ग होता, हें दुसरें. पहिलें विधान पाश्चात्त्य पुस्तकांतून उतरलेलें आहे. दुसरें आपल्याच मंडळींनीं त्यास जोडलेलें दिसतें. पद्धत हितकर आहे कीं नाहीं हें वैद्यांनीं व साधकांनीं ठरवावें. तिची जी वंशावळ सांगितली जाते तिला प्रमाण आहे काय, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम शब्दांविषयीं. मराठींत 'भूलभुलावणी' किंवा हिंदींतून आलेला 'भूलभुलैया' हा शब्द आपण ज्या रचनेस लावतों तींत वाटेला फांटे असतात. कांहीं फांटे आंधळे असतात व चालणारा चुकतो. येथें ज्या आकृतीचा विचार आहे तींत फांटा एकही नसतो. वाट एकच, ती कितीही वळली तरी चालणारास निवड करावी लागत नाहीं, व पाऊल पुढें टाकीत राहिल्यास तो मध्याशीं पोहोंचल्यावांचून राहत नाहीं. हिला आम्ही 'एकमार्गी व्यूह' म्हणतों. हा भेद पुढील सर्व विवेचनास आवश्यक आहे, कारण ज्या कथा या आकृतीस चिकटल्या आहेत त्या बहुतेक वाट चुकण्याच्या आहेत, आणि आकृतींत तर वाट चुकणें शक्यच नाहीं. क्रीट बेटांतील नॉसस नगरीच्या चांदीच्या नाण्यांवर ही सात वेटोळ्यांची आकृति उमटविलेली आहे. ग्रीसमध्यें पायलॉस येथील राजवाड्यांत याहूनही जुना, इ. स. पूर्वीं सुमारें १२०० चा, मातीचा एक लेख सांपडला. त्याच्या एका अंगास शेळ्यांची यादी आहे व पाठीवर ही आकृति ओरखडलेली आहे. राजवाडा आगींत जळाला म्हणून ती कच्ची माती भाजून टिकली. ज्या आकृतीचा एवढा गूढार्थ सांगितला जातो तिचा निश्चित काळाचा हा अतिप्राचीन नमुना एका कारकुनानें हिशेब लिहितांना काढलेला असावा, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां फ्रान्सकडे वळूं. ध्यानार्थ चालणाऱ्या मंडळींचें मूळ पीठ म्हणजे शार्त्र येथील कॅथीड्रल. त्याच्या मध्यदालनाच्या फरशींत तेराव्या शतकाच्या आरंभीं बसविलेला अकरा वेटोळ्यांचा व्यूह आजही आहे. त्याचा व्यास सुमारें ४२ फूट. पण त्यांतील वाट उलगडून सरळ केली तर ती सुमारें ८६० फूट भरते. रचनाकाराचें कौशल्य असें कीं, आंत शिरलेला मनुष्य थोड्याच पावलांत मध्याच्या अगदीं शेजारीं येतो, आतां पोहोंचलों असें त्यास वाटतें, आणि तेथून वाट त्यास पुन्हा बाहेरच्या कडेपर्यंत हांकून नेते. ही आकृति पाहून कोणासही चिंतनाची कल्पना सुचावी यांत नवल नाहीं. परंतु सुचणें निराळें व पूर्वीं तसें घडत होतें हें सिद्ध होणें निराळें.

या व्यूहाच्या मध्यभागीं पूर्वीं धातूचा एक पत्रा बसविलेला होता. सतराव्या शतकांतील वर्णनावरून त्यावर थीसियस व मिनोटॉर यांची लढाई कोरलेली होती, असें कळतें. राज्यक्रांतीच्या धामधुमींत १७९२ सालीं तो पत्रा तोफा ओतण्यासाठीं काढून नेला. त्याच्या खिळ्यांचे अवशेष फरशींत राहिले आहेत. म्हणजे ज्या मध्याशीं आज साधक डोळे मिटून उभा राहतो तेथें मुळांत एक वीर एका राक्षसास मारीत होता. इटलींतील लुक्का येथील कॅथीड्रलच्या द्वारमंडपांत एका खांबावर असाच लहान व्यूह कोरलेला असून शेजारच्या लॅटिन लेखांत डेडालस, थीसियस व आरिआद्नीचा धागा यांचेंच स्मरण केलें आहे. तो उभ्या दगडावर आहे. त्यावर चालतां येत नाहीं, फार तर बोट फिरवितां येतें. आमियें येथील व्यूहाच्या मध्यशिळेवर १२८८ सालाचा लेख असून त्यांत कॅथीड्रल बांधणाऱ्या वास्तुकारांचीं नांवें आहेत. डेडालस हा वास्तुकारांचा आद्यपुरुष; तेव्हां त्याच्या रचनेंत आपलीं नांवें कोरून त्यांनीं गुरुपरंपरा सांगितली, असा अर्थ येथें सरळ दिसतो.

मग त्या व्यूहांवर कोणी चालत असे काय? याचें एकच सविस्तर उत्तर साधनांत सांपडतें, व तें अपेक्षेहून फार वेगळें आहे. ओसेर येथील कॅथीड्रलचा १३९६ सालचा एक ठराव उपलब्ध आहे. त्यावरून असें कळतें कीं, ईस्टरच्या दिवशीं नव्यानें नेमलेल्या धर्माधिकाऱ्यानें एक मोठा चेंडू आणून द्यावयाचा; मुख्याधिकारी तो घेऊन ईस्टरचें स्तोत्र गात तालावर पावलें टाकी; इतर मंडळी हातांत हात धरून व्यूहाभोंवतीं फेर धरीत, आणि चेंडू एकेकाकडे फेंकला जाई. त्यानंतर भोजन. पुढें १४७१ सालीं एका नव्या अधिकाऱ्यानें चेंडू देण्याचें नाकारलें, तंटा वाढला, आणि १५३८ सालीं पॅरिसच्या न्यायसभेनें हा प्रकार बंद केला. व्यूहही १६९० च्या सुमारास उखडला गेला. आपल्याकडील एखाद्या देवस्थानाच्या मानपानाच्या तंट्याचे कागद ज्यांनीं वाचले आहेत त्यांना यांत अपरिचित असें कांहींच वाटणार नाहीं. गाणें, फेर, चेंडू, पंगत व शेवटीं दरबारांत फिर्याद, असा हा सगळा सामुदायिक उत्सव आहे. एकान्तांतील ध्यानाचा त्यांत मागमूसही नाहीं.

गुडघ्यांवर सरकत जाणाऱ्या यात्रेकरूंविषयीं मात्र मध्ययुगीन साधनें मौन आहेत. मौनावरून अभाव सिद्ध होत नाहीं, हा न्याय आम्हांस मान्य आहे. पण येथें मौनाचें वजन अधिक आहे. कॅथीड्रलच्या दप्तरांत कोणत्या दिवशीं कोणत्या वेदीसमोर मेणबत्ती लावावी, मिरवणूक कोणत्या दरवाजानें जावी, हें सर्व नोंदलेलें आहे. ओसेरचा चेंडू केवढा असावा याचाही विचार झालेला आहे. अशा दप्तरांत यात्रेकरूंची एवढी मोठी साधना नोंदावयाची राहून गेली, हें पटत नाहीं. 'जेरुसलेमची वाट' हें जें नांव या व्यूहांस दिलें जातें, व ज्यावरून जेरुसलेमच्या यात्रेऐवजीं लोक येथें चालत असें अनुमान काढतात, तें नांवही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीं लिखित साधनांत येत नाहीं. आणि त्या शतकांत प्रत्यक्ष व्यूहांची काय अवस्था होती? सान्स येथील १७६८ सालीं काढून टाकला. रीम्स येथील १७७९ च्या सुमारास उखडला, व कारण असें दिलें जातें कीं, मुलें त्यावर खेळत व उपासनेंत व्यत्यय येई. ज्या वस्तूवर श्रद्धावान यात्रेकरू गुडघे झिजवीत होते ती वस्तु धर्माधिकाऱ्यांनीं मुलांचा गलबला होतो म्हणून खणून काढावी, हें संभवनीय वाटत नाहीं.

तेव्हां आजच्या पद्धतीचा आरंभ कोठें मानावा? तो फार दूर नाहीं. सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रेस कॅथीड्रलमधील धर्मोपदेशिका लॉरेन आर्ट्रेस या १९९१ सालीं शार्त्र येथें गेल्या. व्यूह खुर्च्यांखालीं झांकलेला होता. बरोबरच्या मंडळींसह खुर्च्या बाजूस सारून त्या त्यावरून चालल्या, आणि परत जाऊन त्याच मापाचा व्यूह कापडावर रंगवून त्यांनीं त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या चर्चमध्यें लोकांस खुला केला. १९९५ सालीं त्यांचें या विषयावरील पुस्तक निघालें व त्याच सुमारास चर्चच्या अंगणांत दगडी व्यूह झाला. तेथून ही चळवळ पसरली. आरंभ इतका स्पष्ट, तारीखवार व सन्मान्य असतांना त्यामागें सातशें वर्षांची कल्पित परंपरा उभी करण्याची गरज कां भासावी, हें कळत नाहीं. शार्त्रच्या अधिकाऱ्यांनींही वर्षांतील कांहीं महिने शुक्रवारीं खुर्च्या हलविण्याचा प्रघात ठेवला आहे. म्हणजे नवी रीत जुन्या फरशीवर आतां खरोखरच रुजली आहे.

आतां आपल्याकडील पुरावा. येथेंही प्रथम ग्रंथ पाहावा. द्रोणपर्वांत द्रोणाचार्य तेराव्या दिवशीं जी रचना करतात ती सैन्याची मांडणी आहे. 'व्यूह' शब्दाचा अर्थच मुळीं विशिष्ट प्रकारें केलेली मांडणी असा आहे. राजे, राजपुत्र व रथी आपापल्या जागीं उभे केलेले आहेत. अभिमन्यु म्हणतो तें एवढेंच कीं, आंत शिरण्याची रीत वडिलांनीं शिकविली, बाहेर पडण्याची शिकविली नाहीं. तो आंत शिरतोही. मागून येणारे पांडव जयद्रथानें तोंडाशीं अडविले, म्हणून तो एकटा पडला. यांत वाट चुकल्याची गोष्ट नाहीं. गर्भांत असतां अर्धी विद्या ऐकल्याची जी कथा आपण लहानपणापासून ऐकतों ती त्या स्थळीं नाहीं. ती लोकांनीं नंतर जोडलेली आहे. सैन्याच्या या मांडणीस एकमार्गी आकृतीचें रूप केव्हां मिळालें हें सांगण्यास हळेबीड येथील होयसळेश्वराचें मंदिर साधन आहे. तेथील बाराव्या शतकांतील शिल्पपट्टांत अभिमन्यूचा प्रसंग कोरतांना शिल्पकारानें मध्यें हीच वळणावळणाची आकृति काढली आहे.

याहून शंभर वर्षें आधींचा एक लेखी पुरावा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाहीं. अल्बेरूनीनें सुमारें १०३० सालीं लिहिलेल्या हिंदुस्थानच्या वर्णनांत लंकेविषयीं एक प्रकरण आहे. तेथें रावणाच्या किल्ल्याचा नकाशा म्हणून त्यानें जी आकृति दिली आहे ती एकमार्गी व्यूहाची आहे. मुसलमानी मुलखांत त्या किल्ल्यास 'यावनकोटि' म्हणतात व त्याचा अर्थ रोम असा करतात, असेंही तो सांगतो. आपल्या ज्योतिषसिद्धांतांत लंकेच्या पूर्वेस यमकोटि व पश्चिमेस रोमक अशीं दोन नगरें मानलेलीं आहेत. या दोन नांवांची सरमिसळ होऊन, व 'कोटि' वरून 'कोट' ध्यानांत येऊन, हें नांव झालें असावें असा आमचा तर्क आहे; अधिक प्रमाण मिळेपर्यंत तो तर्कच समजावा. तिसरा उपयोग सुईणींचा. उत्तर हिंदुस्थानांत कांहीं भागांत अवघड प्रसूतीच्या वेळीं काशाच्या थाळींत केशरानें हा व्यूह काढून तो धुऊन तें पाणी वेणा देणाऱ्या स्त्रीस पाजीत. आंत शिरलेला जीव सुखरूप बाहेर यावा ही त्यांतील भावना उघड आहे, आणि गर्भांतील अभिमन्यूची लोककथा या चालीच्या शेजारीं ठेवून पाहिली म्हणजे तिचाही उलगडा पुष्कळसा होतो.

किल्ला, युद्ध व बाळंतपण. उपलब्ध भारतीय साधनांत या आकृतीचे हे तीन अर्थ सांपडतात. योगसूत्रांत किंवा त्यांवरील भाष्यांत तीवरून चालण्याचा विधि नाहीं. देवळांतील प्रदक्षिणा पुढें केली जाते, पण प्रदक्षिणा हा देव उजव्या हातास ठेवून घेतलेला सरळ फेरा आहे. तींत मध्याशीं पोहोंचावयाचें नसतें व मागेंही वळावयाचें नसतें. दोहोंत वर्तुळ आहे एवढ्यावरून दोन्ही एक ठरत नाहींत.

चालण्यालाच साधना मानणारी प्राचीन परंपरा आपल्याकडे आहे, आणि ती अत्यंत पुष्ट पुराव्याची आहे. तिचें नांव चंक्रमण. या शब्दाची गंमत अशी कीं, व्याकरणदृष्ट्या तो वांकड्या वाटेच्याच बाजूनें साक्ष देतो. क्रम् धातूचें हें यङन्त रूप, आणि गत्यर्थक धातूंना हा प्रत्यय केवळ कुटिल गति दाखवावयाची असतांच लागतो, असें पाणिनि अष्टाध्यायींत (३.१.२३) सांगतो. वर्गांत हें सूत्र शिकवितांना एखादा विद्यार्थी हटकून बाकांमधून नागमोडी चालून दाखवीत असे. उद्यां कोणी या सूत्राचा आधार घेऊन चंक्रमण म्हणजे व्यूहांतील चालणें असें प्रतिपादिलें तर नवल नाहीं. परंतु शब्दाची व्युत्पत्ति एक सांगते व प्रत्यक्ष वस्तु दुसरें. विनयपिटकांतील चुल्लवग्गांत चंक्रमाची वस्तुस्थिति बारकाईनें दिलेली आहे. भिक्षु खांचखळग्यांच्या जागेवर फेऱ्या घालीत, त्यांचे पाय दुखत. म्हणून जागा सपाट करण्याची अनुज्ञा झाली. मग ओटा उंच करून त्यास विटांची किंवा दगडांची बांधणी, चढण्यास पायऱ्या, कोणी खालीं पडला म्हणून कठडा, थंडी-उन्हाची बाधा होऊं लागली म्हणून वर छप्पर. हा सर्व प्रपंच एका अरुंद, लांबट, सरळ ओट्याचा आहे. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जावयाचें व वळून परत यावयाचें. बोधगयेस महाबोधि मंदिराच्या उत्तर बाजूस असा चंक्रम आहे. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगानें सातव्या शतकांत त्याचें वर्णन केलें, व कनिंगहॅम यांनीं आपल्या १८९२ सालच्या ग्रंथांत त्याच्या अवशेषांची नोंद केली.

त्याच्या लाभांविषयींही ग्रंथ मुके नाहींत. अंगुत्तरनिकायांत चंक्रमणाचे पांच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची सोस, उद्योगाची सोस, आरोग्य, अन्नाचें पचन, आणि चालतां चालतां साधलेली समाधि दीर्घकाळ टिकणें, असे ते पांच. सुश्रुतानेंही चिकित्सास्थानांत शरीरास फार पीडा न देणाऱ्या चंक्रमणानें आयुष्य, बल, मेधा व अग्नि वाढतात असें म्हटलें आहे, आणि भोजनोत्तर शंभर पावलें चालण्याचा त्याचा उपदेश आपल्या घरोघरीं शतपावलीच्या रूपानें चालूं आहे. 'फार पीडा न देणारें' ही अट मात्र विसरूं नये. महावग्गांत सोण कोळिविसाची कथा आहे. चंपानगरीचा हा श्रीमंतपुत्र, पाय इतके कोमल कीं तळव्यांवर लव होती. प्रव्रज्या घेतल्यावर राजगृहाजवळील सीतवनांत त्यानें इतक्या हट्टानें फेऱ्या घातल्या कीं, चंक्रम रक्तानें माखला. त्याच्या मनांत घरीं परत जाण्याचा विचार आला. तेव्हां बुद्धांनीं त्यास, तूं घरीं वीणा वाजवीत होतास तेव्हां तारा फार ताणल्या असतां किंवा फार सैल सोडल्या असतां ती नीट वाजे काय, असें विचारलें. भिक्षूंना एका तळाच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा मिळाली ती याच प्रसंगानें. ध्यानार्थ चालण्याविषयीं कोणत्याही वाङ्मयांत याहून जिवंत प्रकरण आमच्या पाहण्यांत नाहीं. यांत व्यूह नाहीं, यंत्र नाहीं, गूढ नाहीं. एक सरळ ओटा व एक दमलेला मनुष्य आहे.

यावरून आजची व्यूहावरील पद्धत त्याज्य आहे असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. जेथें निवड करावी लागत नाहीं अशा वाटेवर सावकाश चाललें असतां मन थोडें विसावतें, हें समजण्यास ग्रंथाची गरज नाहीं. ज्याला अंगण आहे त्यानें तेथें खुशाल नवे दगड मांडावे, व त्यावर त्या वर्षाची तारीख घालावी. अडचण येते ती जुन्या दगडांपाशीं.

आपल्या प्रदेशांत अशा आकृति प्रत्यक्ष जमिनीवर आहेत. दक्षिण गोव्यांत रिवणजवळ उसगाळीमळ येथें कुशावती नदीच्या कांठीं जांभ्या दगडांत कोरलेला व्यूह १९९३ पासून अभ्यासकांस माहीत आहे. सोलापूर जिल्ह्यांतील बोरामणीच्या माळरानावर पंधरा वेटोळ्यांची, सुमारें पन्नास फूट व्यासाची दगडी मांडणी २०२५ च्या अखेरीस प्रसिद्धीस आली. वृत्तपत्रांनीं ती दोन हजार वर्षांपूर्वींची व रोमन व्यापाराच्या काळची म्हणून गाजविली. प्राचीन तगर म्हणजे तेर त्या बाजूस फार दूर नाहीं, आणि क्रीटच्या नाण्यांवर सजातीय आकृति आहे, हें खरें. पण नाण्यास काळ असतो; मोकळ्या मांडलेल्या दगडांस तो आपोआप मिळत नाहीं. ही आकृति १०३० सालीं अल्बेरूनीस ठाऊक होती, बाराव्या शतकांत हळेबीडच्या शिल्पकारास ठाऊक होती, त्यानंतर सुईणींस ठाऊक होती. मधल्या कोणत्याही शतकांत एखाद्या धनगरानें, सैनिकानें किंवा पोरांच्या टोळक्यानें ती मांडलेली असणें अशक्य नाहीं. केवळ साम्य हें काळाचें प्रमाण होत नाहीं.

काळ ठरविण्याचीं साधनें त्याच जागीं आहेत, व तीं नाजूक आहेत. स्वीडन व आसपासच्या किनाऱ्यांवर असे शेंकडों दगडी व्यूह आहेत. ते अतिप्राचीन समजले जात. पण दगडांवर वाढलेल्या दगडफुलाच्या विस्तारावरून मोजणी केली असतां त्यांतील पुष्कळसे मध्ययुगाच्या उत्तरार्धांतील व त्याहूनही अलीकडील निघाले. दगड उलटला किंवा पुसून स्वच्छ केला कीं ही मोजणी संपली. बोरामणीसारख्या ठिकाणीं 'आपला प्राचीन ध्यानमार्ग' म्हणून लोक रोज चालूं लागले, कोणी उत्साहानें निसटलेले दगड पुन्हा ओळींत बसविले, मध्यें एखादी मूर्ति ठेवली, तर दोन पावसाळ्यांत पुरावा नाहींसा होईल, आणि नंतर कोणी विचारील तेव्हां दाखवावयास आपणच मांडलेले दगड तेवढे राहतील.

म्हणून आमची विनंती अशी आहे कीं, जवळच्या शाळांतील शिक्षकांनीं व आपल्या सभासदांनीं अशा जागेवर पाय ठेवण्यापूर्वीं दोरी व कागद घेऊन जावें. प्रत्येक वेटोळ्याचें अंतर, दगडांची जात, कोणता दगड जमिनींत किती रुतला आहे, कोणत्या अंगास दगडफूल आहे, हें जागचें न हलवितां टिपावें. आसपासच्या वस्तींतील वृद्ध गुराख्यांस व बायकांस त्या जागेचें नांव विचारावें, आणि तें नांव ते उच्चारतील तसेंच, शुद्ध न करितां, लिहून घ्यावें.